उशिराची वही

कचेरीत त्यांना सव्वादहा म्हणत, आणि त्यात थोडी दयाबुद्धी होती. कारण खरं पाहता ते दहा वाजून बावीस मिनिटांनी येत. पण सात मिनिटांसाठी कुणी कुणाशी वाईटपणा घ्यायचा?

कचेरी वजनमापांची. गावातल्या प्रत्येक दुकानदारानं वर्षातून एकदा आपला तराजू आणि आपली वजनं उचलून इथे आणायची, ती खरी आहेत की नाहीत ते तपासून घ्यायचं आणि शिक्का मारून न्यायची. किलोचं वजन दोन ग्रॅमनं कमी भरलं तरी परत पाठवणारी कडक माणसं तिथे बसत. अशा जागी रोज बावीस मिनिटं कमी भरणारा माणूस अठरा वर्षं टिकला, ते केवळ हाताच्या गुणावर. सव्वादहा वजन नुसतं तळहातावर घेत, किंचित झुलवत आणि म्हणत, "याचं बूड कुणीतरी घासलंय." मग ते काट्यावर चढवलं की बूड घासलेलंच निघे. दुकानदार त्यांना वचकून असत. कचेरीतल्या घड्याळाखेरीज त्यांच्याविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती.

नियम असा होता, की दहा वाजून दहा मिनिटांनी हजेरीपट आतल्या खोलीत जाणार. त्यानंतर येणाऱ्यानं शिपायाच्या स्टुलावर ठेवलेल्या वहीत नाव, वेळ आणि उशिराचं कारण लिहायचं. बाकीची मंडळी शहाणी. पहिला जो कोणी उशिरा येई तो कारणाच्या रकान्यात लिही, 'वाहन.' त्याच्याखालचे सगळे लिहीत, 'वरीलप्रमाणे.' पायी येणारा टंकलेखकसुद्धा वरीलप्रमाणे लिही. सव्वादहांना हे जमत नसे. सरकारी कागदावर खोटं लिहायचं म्हटलं की त्यांचा हात जड होई. ते खरं लिहीत. 'शर्टाचं बटण शोधताना जुने फोटो सापडले.' 'खालच्या मजल्यावरच्या आजींना सुईत दोरा ओवून दिला. दोरा जाड होता. मग सुई बदलली.' 'एका गृहस्थांनी रस्ता विचारला, सांगितला, तो चुकीचा सांगितल्याचं पुढच्या वळणावर लक्षात आल्यानं त्यांच्यामागे पळत गेलो.' आणि एकदा, बहुधा थकून, 'घरून वेळेवर निघालो. पुढचं आठवत नाही.'

जेवणाच्या सुट्टीत ही वही हातोहात फिरे. आधीच्या साहेबांना तर ती इतकी आवडे, की सव्वादहा चुकून वेळेवर आले की ते उदास होत.

पण साहेब निवृत्त झाले आणि मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी उशिराची वही आत मागवली आणि दार लावून दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी सव्वादहांना बोलावणं आलं.

"या महिन्यात तीन उशीर झालेत तुमचे," मॅडम म्हणाल्या. "आणि आज तारीख तीन आहे."

"हो," सव्वादहा म्हणाले. हिशोब बरोबरच होता.

"चौथा झाला, तर नियमानं मला तुमची बदली करावी लागेल. गावाबाहेरच्या चौकीवर."

चौकी म्हणजे मालट्रकांचं वजन करायचा मोठा काटा. ती सकाळी सहाला उघडे. चौकीवरचा माणूस अर्धा तास उशिरा आला, तर ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत जाई आणि ड्रायव्हर लोक भोंगे वाजवून अख्खा परिसर जागा करत. तिथे वही नव्हती. तिथे दोनदा उशीर झाला की सरळ घरी बसवत.

"मॅडम," सव्वादहा अदबीनं म्हणाले, "जो माणूस दहाला पोचत नाही, त्याला सहाला बोलावून काय होणार?"

"सुधारणा," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला हे सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातला टॉवेल तसाच मांडीवर ठेवला.

"म्हणजे नोकरीच जाणार."

"बदली म्हणाल्या."

"सहाला तुम्ही चौकीवर? अहो, आपल्या लग्नातसुद्धा तुम्ही सगळ्यांच्या शेवटी आलात. मी मात्र तासभर आधी येऊन बसले होते, बावळटासारखी." तिनं टॉवेलची घडी पुरी केली. "नक्की करता तरी काय हो तुम्ही सकाळी?"

माणूस आळशी असता तर गोष्ट सोपी होती. सव्वादहा साडेपाचला उठत. उठायला त्यांना जन्मात कधी उशीर झाला नव्हता. साडेपाच ते साडेनऊ या चार तासांत दुसरा एखादा माणूस डोंगर चढून परत आला असता. सव्वादहा दाराच्या चौकटीपर्यंत पोचत नसत.

बायकोनं पहिला उपाय केला तो घड्याळाचा. तिनं भिंतीवरचं घड्याळ गुपचूप पंधरा मिनिटं पुढे केलं. सव्वादहांना दुसऱ्या दिवशी शंका आली आणि ते मनातल्या मनात पंधरा वजा करू लागले. ते वजा करतात हे ओळखून बायकोनं आणखी दहा मिनिटं सरकवली. मध्येच सासूबाईंना रेडिओच्या बातम्यांवरून कळलं, की घड्याळ पुढे धावतंय. त्यांनी स्टुलावर चढून ते बरोबर लावलं, आणि आपण घरासाठी काहीतरी केलं या समाधानात कुणाला बोलल्या नाहीत. चार दिवसांनी अशी अवस्था आली, की घरात तीन प्रौढ, शिकलेली माणसं होती आणि किती वाजले हे एकालाही ठाऊक नव्हतं. त्या सकाळी सव्वादहा धावतपळत नऊ वाजून पन्नास मिनिटांनी कचेरीत पोचले, ते केवळ आकडेमोड चुकल्यामुळे. असं नशीब रोज साथ देत नाही; एरवी उशीर दिसला की ते त्या दिवशी रजाच टाकत, आणि रजाही संपत आली होती.

तेव्हा बायकोनं वरच्या मजल्यावरच्या स्टेशनमास्तरांना खाली बोलावलं.

स्टेशनमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत एकही गाडी त्यांच्या हाताखालून गेली नव्हती. ते वही, पेन्सिल आणि साखळीचं घड्याळ घेऊन आले. दोन सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. सव्वादहा बाथरूममध्ये गेले, की ते पुटपुटत, "आगमन सहा चाळीस." बाहेर आले, की "प्रस्थान सहा चोपन्न. दोन मिनिटं जास्त. आत काय करत होता?"

"पायाचा अंगठा धूत होतो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"उद्यापासून रविवारी."

तिसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल वाचून दाखवला. घरातली मंडळी टेबलाभोवती बसली होती. "गाडी सुटते वेळेवर," स्टेशनमास्तर म्हणाले, "चहाच्या स्टेशनात येते वेळेवर. आणि मग सात दहा ते सात पन्नास, चाळीस मिनिटं, सिग्नल नसताना मध्येच उभी राहते. तिथून जो खोळंबा सुरू होतो, तो शेवटपर्यंत निस्तरत नाही. या चाळीस मिनिटांत काय होतं?"

सगळ्यांना माहीत होतं. या चाळीस मिनिटांत आई स्वप्न सांगायची.

सव्वादहांच्या आईला रोज स्वप्न पडे, आणि लहानसहान नाही. त्यात माणसं असत, सामान असे, प्रवास असे. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती ते मुलाला पहिल्यापासून सांगायची. बारा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून हा क्रम. आधी ती ते वडिलांना सांगत असे. वडील काटेकोर माणूस, घड्याळ लावून जेवणारे. पण स्वप्न पूर्ण ऐकत. ते गेल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या सकाळी आई कप धरून नुसतीच बसली होती, तेव्हा सव्वादहा समोर जाऊन म्हणाले होते, "हं, काय पडलं?" ते जे बसले ते बसले.

"स्वप्नाची वेळ बदलावी लागेल," स्टेशनमास्तर म्हणाले. "संध्याकाळी सात दहा. प्रवाशांची गैरसोय होणार नाही."

"स्वप्न संध्याकाळपर्यंत टिकतं का?" आई म्हणाली. "दूध आहे का ते, फ्रिजमध्ये ठेवायला?"

"आई, नोकरीचा प्रश्न आहे हो," सून हळूच म्हणाली.

आईनं मुलाकडे पाहिलं. मुलगा टेबलाच्या कडेला नखानं रेघ ओढत होता. "बरं बाई," ती म्हणाली. "नाही सांगत. मला काय, पडून गेलं की झालं."

आणि गाडी सुटली! दुसऱ्या दिवशी सव्वादहा नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी कचेरीच्या पायरीवर उभे होते. दाराला कुलूप होतं. अठरा वर्षांत त्यांनी ते कुलूप प्रथमच पाहिलं. चांगलं मोठं, पितळी होतं. दहाला पाच कमी असताना शिपाई किल्ली घेऊन आला आणि त्यांना पायरीवर पाहून दचकला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. मी वेळेवर आलोय."

शिपायानं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिलं.

असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी मॅडमनी एक आदेश काढला. सदर कर्मचारी सर्वांच्या आधी येत असल्याचं निदर्शनास आल्यावरून, आणि शिपायाचं घर लांब असल्यावरून, कचेरीची किल्ली यापुढे सदर कर्मचाऱ्याकडे राहील. पोचपावती तीन प्रतींत. वजनमापांच्या कचेरीत धातूची कुठलीही वस्तू वजनाशिवाय या हातातून त्या हातात जात नाही, त्यामुळे किल्ली आधी काट्यावर ठेवण्यात आली आणि पावतीवर लिहिलं गेलं: 'किल्ली, लोखंडी, नग एक, एकेचाळीस ग्रॅम.' सव्वादहांनी ती तळहातावर घेतली. त्यांना ती त्याहून जड वाटली, पण काट्याशी कोण भांडणार.

शिपाई दोन दिवसांनी त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी सकाळी बायकोबरोबर बसून चहा प्यायलो. ती म्हणते, तुम्हाला असं समोर बसलेलं बघून कसंतरीच होतं."

सव्वादहांचा मान एकदम वाढला. लोक त्यांना वेळ विचारू लागले. टंकलेखकानं तर त्यांना 'पावणेदहा' म्हणून हाक मारली, आणि त्यांनी ओ दिली. घरी स्टेशनमास्तर रोज नऊ वाजता जिन्यात उभे राहून शिट्टी फुंकत. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त आई बोलेनाशी झाली होती. म्हणजे बोले, पण पाहुण्यांशी बोलावं तशी. "चहा घेणार ना?" "हो." "साखर बरोबर आहे ना?" "हो." एकदा संध्याकाळी ते मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले.

"काल काय पडलं गं?"

"विसरले बाबा."

"काहीतरी आठवत असेल."

"नाही रे. तू दमून आला असशील. पड जरा."

आईनं इतक्या सौजन्यानं आपल्याला कधी वागवल्याचं त्यांना आठवेना. त्यापेक्षा तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याचे शेवटचे तीन दिवस उरले. ते निभावले की वहीचं नवं पान, नवा महिना. नऊला पाच कमी होते. सव्वादहा बूट घालून, डबा घेऊन, किल्ली खिशात चाचपून दाराशी उभे होते. आतल्या खोलीतून आई म्हणाली, तेही त्यांना नाही, उशीला सांगावं तसं, "आज पहाटे हे आले होते."

सव्वादहा थबकले. बारा वर्षांत आईच्या स्वप्नात सगळं गाव येऊन गेलं होतं, मेलेल्या मांजरीसुद्धा. वडील मात्र एकदाही आले नव्हते. आई ते बोलून दाखवत नसे, पण प्रत्येक स्वप्न संपल्यावर कपात बघत जराशी थांबे.

"बाबा?"

"हं. तुझ्याविषयी काही म्हणाले. जा तू, संध्याकाळी सांगेन आठवलं तर."

सव्वादहांनी डबा खाली ठेवला आणि बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसले. "थोडक्यात सांग."

आता आईला सगळं येत होतं, थोडक्यात सांगणं तेवढं येत नव्हतं. आधी एक शाळा होती. शाळेत पाणी भरलं होतं, पण गुडघ्याएवढंच. पाण्यातून एक बाई डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन येत होती.

"ती बाबांच्या मामेबहिणीची नणंद."

"असू दे. मग बाबा?"

"असू दे कसं? ती कोण ते नाही कळलं तर डब्याचं कसं कळेल तुला?"

खाली स्टेशनमास्तरांची पहिली शिट्टी झाली. डब्यात काय होतं ते बराच वेळ कळेना. मग त्यात लोकर निघाली. लोकर हिरवी होती, की आधी हिरवी होती आणि नंतर निळी झाली, यावर आई जरा अडकली. दुसरी शिट्टी झाली. बायको दारात येऊन मनगटावर बोट आपटून गेली, परत आली, सासूचा चेहरा बघितला आणि चौकटीला टेकून तीही ऐकत राहिली.

"आणि बाबा कुठे होते गं?"

"येतायत रे! त्यांना जिना चढायला वेळ लागतो, गुडघे माहीत आहेत ना त्यांचे?"

खरं होतं. वडिलांना जिन्याचा त्रासच होता. वडील एकेक पायरी चढत होते, प्रत्येक वळणावर थांबत होते, आणि आईचा आवाज इतक्या दिवसांनी नेहमीचा झाला होता. स्टेशनमास्तरांनी सलग तीन शिट्ट्या मारल्या, म्हणजे आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

"तर दारात उभे राहिले," आई म्हणाली. "तोच तपकिरी कोट. धाप लागली होती. तू असाच बसला होतास, इथे, पलंगावर. तुझ्याकडे बघितलं नीट. मग मला म्हणाले…"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'याला आज ऑफिसला उशीर होत नाही का?'"

मग आई एकदम भानावर आली आणि म्हणाली, "तेच म्हणते मी! अरे, तू अजून इथे काय करतोयस?"

कचेरीसमोर त्या दिवशी जे दृश्य होतं, ते कचेरीच्या इतिहासात दिसलं नव्हतं. पायऱ्यांवर चौदा कर्मचारी बसले होते. त्यांच्यापुढे वीसेक दुकानदार आपापले तराजू घेऊन उभे होते, आणि वेळ जावा म्हणून एकानं शिपायाचा डबा तोलून पाहिला होता. या गर्दीपासून चार हात दूर, उन्हात, पर्स दोन्ही हातांनी धरून मॅडम उभ्या होत्या. दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी सव्वादहा कोपऱ्यावरून पळत येताना दिसले, तेव्हा कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी नुसती वाट करून दिली. त्यानं त्यांना जास्त लागलं. किल्ली कुलपात जाईना. ती उलटी धरली होती.

"सरळ करा," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

आत गेल्यावर मॅडमनी उशिराची वही मागवली. लोकांना वाटलं, सव्वादहांसाठी. मॅडमनी स्वतःचं पेन काढलं. "नियम सगळ्यांना," त्या म्हणाल्या आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. वेळ दहा एकेचाळीस. कारण, 'किल्ली आली नव्हती.' त्याखाली सगळ्यांनी वरीलप्रमाणे लिहिलं. तेवीस वर्षं ती वही सांभाळणाऱ्या शिपायालाही त्या दिवशी तिच्यात लिहायची संधी मिळाली. त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी आलो होतो.'

शेवटी सव्वादहा. त्यांना क्षणभर मोह झाला. वरीलप्रमाणे लिहायला दोन सेकंद लागतात, आणि एका अर्थी ते खरंही होतं. किल्ली आली नव्हतीच. पण हात जड झाला. त्यांनी लिहिलं: 'वडील बारा वर्षांनी प्रथमच आईच्या स्वप्नात आले. मला ऑफिसला उशीर होत नाही का, असं त्यांनी विचारलं. ते विचारेपर्यंत झाला.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग सव्वादहांना आत बोलावलं आणि खुर्चीकडे हात केला.

"हा चौथा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला आदेश काढावाच लागेल. तुमचं नाव गाळलं, तर मला माझंही गाळावं लागेल."

"नका गाळू," सव्वादहा म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. खिडकीजवळचं आपलं टेबल, पितळी वजनांची पेटी, पहाटेचे ट्रक आणि त्यांचे भोंगे, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. घरी काय सांगायचं, हे तर सगळ्यात पुढे उभं होतं.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मध्येच मान वर न करता त्यांनी विचारलं, "आईंना रोज पडतं?"

"रोज."

"आणि सांगतात सकाळीच?"

"संध्याकाळपर्यंत टिकत नाही म्हणते."

मॅडमनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. सव्वादहांनी वाचला. बदली चौकीवरच होती. पण खाली लिहिलं होतं, 'पाळी दुसरी. दुपारी दोन ते रात्री दहा.'

"दुसऱ्या पाळीचा माणूस परवा निवृत्त होतोय," मॅडम म्हणाल्या. "रात्री दहाला सुटणारी पाळी कुणी मागत नाही. आणि नियमात नुसतं चौकी म्हटलंय, कितीची ते नाही. तिथे वजनाला माणूसही चांगला हवाय. ट्रकवाले लबाड आहेत." सव्वादहांच्या चेहऱ्याकडे बघून त्या किंचित कडक झाल्या. "हसू नका. शिक्षा आहे ही."

घरी बायकोनं आदेश हातात घेऊन तीनदा वाचला, मग देवाला नव्हे, स्टेशनमास्तरांना नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "दुपारची गाडी. हिला माझी गरज नाही." आणि शिट्टीची दोरी गळ्यातून काढली.

नव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी सव्वादहांनी चहाचा कप घेतला, खुर्ची आईसमोर ओढली आणि मांडी ठोकून बसले. पुढे सहा तास मोकळे होते. "हं," ते म्हणाले, "आता अगदी सावकाश. काय पडलं?"

आईनं कपावरून त्यांच्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. परत उचलला.

"असा टक लावून बसलास, की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. काही आठवत नाही."

"मग काय करू?"

"तू आपला आवरायला लाग," आई म्हणाली. "मी सांगते मागून."

तेव्हा सकाळी सव्वासातला सव्वादहा दोन वाजताच्या कामासाठी आवरायला लागले. टॉवेल खांद्यावर टाकून ते लगबगीनं या खोलीतून त्या खोलीत जाऊ लागले, आणि कप दोन्ही हातांत धरून आई त्यांच्या मागोमाग निघाली. "अरे, थांब तर जरा," ती म्हणत होती, "आधी ती विहीर कुणाची ते तरी ऐकून घे."